पायाला भिंगरी, हातावर गोळी

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'चा प्रारंभ झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. त्याचा वेगळा जिल्हा व्हायला अजून दीड वर्ष होते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची तपासणी करायची, त्यासाठी फिरती वैद्यकीय पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पाठवायची, अशी ही योजना. पथकांनी शोधायच्या तीस दोषांची यादी तिच्याबरोबर आली. दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, जन्मजात हृदयदोष, रक्तक्षय, त्वचारोग या ओळखीच्या नावांमध्ये एक नाव वाचून अनेक शिक्षक थबकले असतील : अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे एडीएचडी. मराठीत त्याला अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता म्हणता येईल.

बोली मराठीत या मुलांसाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. चळवळ्या, वांड, द्वाड, पायाला भिंगरी लावलेला, एका जागी बूड न टेकणारा. पण हे सगळे शब्द स्वभाव सांगणारे आहेत, आणि स्वभावाला औषध नसते. शब्द यादीत गेला की तो आजार होतो, आणि आजार म्हटला की औषधाचा प्रश्न येतो. ते औषध अस्तित्वात आहे, जुने आहे आणि बालमानसोपचारात सर्वाधिक तपासल्या गेलेल्या औषधांपैकी ते एक आहे. ते तपासले कोणी, कोणत्या मुलांवर आणि कसे? त्या तपासणीतून निघालेले उत्तर शहापूर किंवा मुरबाडच्या पाड्यावरच्या मुलाला कितपत लागू पडते? या लेखाचा विषय एवढाच आहे.

या दोन तालुक्यांची ओळख शहरी वाचकाला बहुधा पाण्यावरून असते. भातसा, तानसा आणि मोडकसागर शहापूर तालुक्यात. मुंबईच्या नळाला येणारे बरेचसे पाणी इथले, आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणारे पाडेही इथलेच. माळशेज घाटाखालचा मुरबाड पावसाळी सहलींमुळे माहीत असतो. ठाकूर, महादेव कोळी, वारली, कातकरी अशा समाजांची वस्ती दोन्हीकडे आहे. यांपैकी कातकरी समाजाची नोंद सरकारदरबारी 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' अशी आहे. बरीच मुले जिल्हा परिषदेच्या लहान शाळांत शिकतात, काही आश्रमशाळांत राहतात. हा तपशील केवळ पार्श्वभूमी म्हणून दिलेला नाही. औषधाच्या चाचणीचा निकाल कोणत्या जमिनीवर उतरणार, हे त्यावरून ठरते.

गोळीची जन्मकथा

ही गोष्ट एका डोकेदुखीपासून सुरू होते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स शहराजवळ १९३१ साली मुलांसाठी एक रुग्णालय सुरू झाले. जॉर्ज ब्रॅडली या श्रीमंत गृहस्थाची मुलगी एमा हिला सातव्या वर्षी मेंदूज्वर होऊन कायमचे अपंगत्व आले होते. तिच्या नावाने ही संस्था उभी राहिली. याच घराण्यातले डॉ. चार्ल्स ब्रॅडली तिथे काम करत. त्या काळी मेंदूची छायाचित्रे घेण्यासाठी पाठीच्या कण्यातून द्रव काढून हवा भरावी लागे. नंतर मुलांचे डोके भयंकर दुखे. ती वेदना कमी व्हावी म्हणून ब्रॅडलींनी बेंझेड्रिन, म्हणजे ॲम्फेटामिन, देऊन पाहिले. डोकेदुखीला काहीच उतार पडला नाही, पण काही मुले वर्गात एकदम लक्ष देऊन बसू लागली, गणिते सोडवू लागली. मुलांनीच त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' असे नाव ठेवल्याचे सांगतात.

ब्रॅडलींनी मग ५ ते १४ वर्षे वयाच्या तीस मुलांवर पद्धतशीर निरीक्षण केले आणि १९३७ साली ते प्रसिद्ध केले. रचना साधी होती : एक आठवडा औषधाविना, दुसरा औषधासह, तिसरा पुन्हा औषधाविना. तीसपैकी चौदा मुलांच्या अभ्यासात ठळक सुधारणा दिसली. औषध बंद होताच ती गेली. या शेवटच्या निरीक्षणाकडे दुर्लक्ष होऊ नये. चष्मा काढला की अक्षरे पुन्हा पुसट व्हावीत, तसा हा प्रकार आहे. गोळी त्या दिवसापुरती काम करते, दोष बरा करत नाही. आजही यात फरक पडलेला नाही.

ब्रॅडलींच्या निरीक्षणात एक मोठी उणीव होती. कोणत्या आठवड्यात गोळी चालू आहे, हे पाहणाऱ्यांना ठाऊक होते. चांगले दिसावे अशी इच्छा असलेल्याला चांगले दिसते, हा मनुष्यस्वभाव. त्यावर उपाय म्हणजे हुबेहूब तशीच, पण आत औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. कोणाला खरी, कोणाला पोकळ, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, आणि देणारा, घेणारा, पाहणारा अशा कोणालाच ते कळू द्यायचे नाही. आंधळी कोशिंबिरीत एकाचेच डोळे बांधतात; इथे सगळ्यांचे बांधायचे. दरम्यान स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीचे रसायनतज्ज्ञ लेआंद्रो पानिझ्झोन यांनी १९४४ साली मिथाइलफेनिडेट हे नवे संयुग तयार केले होते. ते बाजारात आले १९५४ मध्ये, रिटालिन या नावाने. पत्नी मार्गरीट हिचे लाडके नाव रीटा, त्यावरून हे नाव. मुलांवर त्याच्या डोळे बांधलेल्या चाचण्या अमेरिकेत साठच्या दशकाच्या प्रारंभी सुरू झाल्या. लिऑन आयझेनबर्ग आणि कीथ कॉनर्स यांचा त्या विषयावरचा निबंध १९६३ चा आहे.

औषध करते काय, तेही थोडक्यात सांगायला हवे. मेंदूतल्या दोन पेशींमध्ये बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत डोपामिन, नॉरॲड्रेनालिन यांसारखी रसायने सोडून दुसरीला निरोप देते आणि काम झाले की ती परत ओढून घेते. मिथाइलफेनिडेट हे परत ओढणे रोखते. रसायन फटीत जास्त वेळ टिकते. कपाळामागच्या भागात, जिथे 'आत्ता नको, नंतर' असे स्वतःला सांगण्याची शक्ती असते, तिथला निरोप त्यामुळे ठळक होतो. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि तिचा अंमल सुमारे चार तास राहतो. हे चार तास पुढे आपल्याला लागणार आहेत.

मोजणारा डोळा

मधुमेहाच्या औषधाची चाचणी सोपी, रक्तातली साखर मोजली की झाले. चंचलतेसाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचे चित्र नाही. मोजमाप होते ते माणसाच्या डोळ्याने. कॉनर्स यांनी १९६९ मध्ये शिक्षकांसाठी ३९ प्रश्नांचा तक्ता प्रसिद्ध केला. सतत चुळबुळ करतो का, हाती घेतलेले पुरे करतो का, इतरांना त्रास देतो का, अशी विधाने आणि पुढे चार रकाने : अजिबात नाही, थोडेसे, बरेच, फारच. नंतरचे बहुतेक तक्ते या धर्तीवर आले. औषधाने सुधारणा झाली म्हणजे काय झाले, तर बहुतेक वेळा या रकान्यांची बेरीज कमी झाली.

मग प्रश्न येतो 'बरेच' म्हणजे किती. पंचवीस मुले आणि स्वतंत्र बाके असलेल्या वर्गातले 'बरेच', आणि पहिली ते चौथी एकाच खोलीत बसवून दोन फळ्यांवर चार इयत्ता शिकवणाऱ्या गुरुजींचे 'बरेच' एक नसते. मुरबाडकडच्या एका शिक्षकांना मी असा तक्ता दाखवला. ते हसून म्हणाले, "अहो, मी पहिलीला पाठ देतो तेव्हा तिसरीची पोरं चुळबुळ करणारच. उलट जो हलत नाही, त्याची मला काळजी वाटते. तो उपाशी असतो नाहीतर तापलेला." सगळ्या तक्त्यांवरची ही नेमकी टीका आहे, असे मला वाटते.

आकडेही हेच सांगतात. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २००७ मध्ये काढलेले प्रमाण ५.२९ टक्के होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, कोइमतूरच्या प्राथमिक शाळांतील पाहणीत ते ११.३२ टक्के निघाले. आजार एका प्रांतात दुप्पट असतो असे मानण्यापेक्षा मोजणारा डोळा, तक्ता आणि वर्ग वेगळे होते, असे मानणे अधिक सयुक्तिक. भारतीय बालरोगतज्ज्ञांनी ६ ते ९ वर्षे वयोगटासाठी स्वतंत्र प्रश्नावली तयार केली आहे, ती यासाठीच.

निदानाचा नियम मात्र तक्त्यापेक्षा कडक आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानग्रंथाप्रमाणे अवधानाची नऊ आणि चंचलतेची नऊ लक्षणे आहेत. मुलांमध्ये कोणत्या तरी एका गटातली किमान सहा, सहा महिने टिकलेली असावी लागतात. बाराव्या वर्षाआधी सुरुवात हवी. त्यांचा त्रास किमान दोन ठिकाणी, म्हणजे शाळेत आणि घरीही, दिसायला हवा. पाड्यावर नेमका हा दुसरा निकष अडतो. शाळा म्हणते, बसत नाही. आई म्हणते, गुरे नेतो, लाकूडफाटा आणतो, नदीवर मासे पकडतो, तक्रार कसली? घराने बसून राहण्याची मागणी केलेलीच नसेल, तर घरी दोष दिसणार कसा?

यावरून 'हा शाळेने निर्माण केलेला आजार आहे' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो मला मान्य नाही. काही मुलांची चंचलता खरोखरच वेगळ्या जातीची असते. ती विहिरीच्या काठावरून, झाडाच्या टोकावरून, चुलीजवळून पुन्हापुन्हा जखमी होऊन येतात. खेळातही त्यांचा डाव पुरा होत नाही, म्हणून सवंगडी त्यांना घेईनासे होतात. डेन्मार्कमधील सुमारे १९ लाख व्यक्तींच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हे निदान असलेल्यांचा मृत्युदर इतरांच्या सुमारे दुप्पट आढळला, आणि त्यात मोठा वाटा अपघातांचा होता. शिवाय एक गट कोणाच्याच नजरेत येत नाही : न हलणाऱ्या, पण लक्ष न लागणाऱ्या मुली. त्या शेवटच्या रांगेत गप्प बसतात आणि पाचवी-सहावीनंतर शाळेतून गळतात. त्यांना वांड कोणी म्हणत नाही, म्हणून तक्ताही कोणी भरत नाही. उपचार नाकारणे हाही अन्यायच असतो.

चाचणी औषधाची की भेटीची?

या विषयातली सर्वांत गाजलेली चाचणी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केली. तिचा मुख्य निष्कर्ष १९९९ मध्ये आला. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुले, चार गट, चौदा महिने. एका गटाला काटेकोर औषधोपचार, दुसऱ्याला फक्त वर्तनोपचार, म्हणजे पालक-शिक्षकांना प्रशिक्षण आणि मुलांसोबत थेट काम, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला गावात जो काही उपचार मिळत होता तोच. मुख्य लक्षणांबाबत औषध घेणारे दोन्ही गट पुढे होते. 'गोळी जिंकली' असे मथळे तेव्हा आले.

पण चौथ्या गटाकडे नीट पाहावे. त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश मुलांना बाहेरच्या डॉक्टरांनी औषध दिलेलेच होते, तरी ती मागे राहिली. मग फरक कशाचा? पहिल्या गटात प्रत्येक मुलाची मात्रा ठरवायला अठ्ठावीस दिवस दिले होते. रोज वेगळी मात्रा, मध्येच पोकळ गोळी, आणि रोजचे तक्ते. त्यानंतर दरमहा अर्धा तास डॉक्टरांची भेट आणि शिक्षकांशी बोलणे. चौथ्या गटात डॉक्टरांची गाठ वर्षाकाठी एक-दोनदा पडत होती. म्हणजे चाचणीत एकट्या गोळीचा कस लागला नव्हता, गोळीमागच्या यंत्रणेचाही लागला होता. आणि तीन वर्षांनंतर, ती यंत्रणा सुटल्यावर, चारही गट जवळपास सारखेच दिसू लागले, असे त्याच संशोधकांनी २००७ मध्ये नोंदवले.

हे उत्तर आता शहापूरला आणून पाहा. दरमहा भेट म्हणजे पाड्यावरून चालत फाट्यावर, तिथून जीपने शहापूर, तिथून आसनगावला येऊन लोकलने ठाणे. मुरबाडला रेल्वेच नाही. आधी एसटीने कल्याण. मुलाबरोबर आई किंवा बाप हवाच, म्हणजे एका माणसाची दिवसाची मजुरी गेली. बारा महिन्यांत बारा मजुऱ्या. अमेरिकन चाचणीतला 'काटेकोर औषधोपचार' इथे आपोआप 'चौथा गट' होऊन बसतो. गोळी तीच असते, पण जिच्यामुळे ती जिंकली ती गोष्ट नसते.

जागतिक आरोग्य संघटनेसमोर हाच मुद्दा वेगळ्या भाषेत आला. मिथाइलफेनिडेट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घ्यावे, असा अर्ज २०१९ मध्ये झाला, २०२१ मध्ये पुन्हा झाला. तज्ज्ञसमितीने दोन्ही वेळा शिफारस केली नाही. फायद्या-तोट्याच्या पुराव्याची गुणवत्ता, बारा आठवड्यांपलीकडच्या माहितीचा तुटवडा आणि निदान व देखरेख करू शकणारी आरोग्ययंत्रणा नसलेल्या ठिकाणची सुरक्षितता, ही कारणे चर्चेत होती.

पुराव्याच्या गुणवत्तेचा वाद अजून मिटलेला नाही. कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या समीक्षेत १८५ चाचण्या आणि बारा हजारांवर मुले होती. शिक्षकांच्या तक्त्यांत सुधारणा दिसते, पण पुरावा अत्यंत कमकुवत आहे, असे तिने म्हटले. 'द लॅन्सेट सायकिॲट्री'तील २०१८ च्या तौलनिक अभ्यासाने मात्र अल्प मुदतीसाठी मुलांत मिथाइलफेनिडेटलाच पहिली पसंती दिली. मला दोन्हींमध्ये फारसा विरोध दिसत नाही. थोड्या आठवड्यांपुरता परिणाम होतो, याला दोन्हींत जागा आहे. पुढचे काय, हे दोन्हींत पातळ आहे. कॉक्रेनच्या आक्षेपांपैकी एक तर मार्मिक आहे. खरी गोळी घेणाऱ्याची भूक मरते, झोप उडते. मग डोळ्यांवर पट्टी असली तरी आईला आणि शिक्षकाला कोणती गोळी चालू आहे ते कळतेच, आणि तक्ता भरणारा हात त्या कळण्याने हलतो.

भूक मरते, हे वाक्य आपण जरा घाईने ओलांडतो. अमेरिकन पुस्तकात त्यावर उपाय लिहिलेला असतो : गोळीआधी भरपेट न्याहारी द्या, अंमल उतरल्यावर रात्री उशिरा पुन्हा खायला द्या, उष्मांक वाढवा. आता चार तासांचा हिशेब मांडू. शाळा साडेदहाच्या सुमारास भरते. गोळी दहाला दिली तर अंमल दोनपर्यंत. शालेय पोषण आहाराची खिचडी याच वेळात शिजते आणि वाढली जाते. अनेक मुलांच्या दिवसातले सर्वांत भरवशाचे जेवण हेच. सकाळी घरून निघताना पोटात काळा चहा आणि असली तर रात्रीची भाकरी. म्हणजे ज्या घासावर सरकारने मुलाच्या वाढीचा भरवसा ठेवला, त्याच घासाची इच्छा गोळी मारणार. वर सांगितलेल्या अमेरिकन चाचणीतल्या मुलांपैकी नव्याने औषध सुरू झालेली मुले तीन वर्षांत औषध न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी २ सेंटिमीटर उंचीने आणि २.७ किलो वजनाने मागे पडली. ती भरल्या घरातली मुले होती. ज्याचे वजन आधीच वयाच्या मानाने चार किलो कमी आहे, त्याच्यासाठी २.७ किलोचा अर्थ वेगळा होतो. या दोन तालुक्यांत गोळीची चाचणी कधी झाली तर 'तक्त्यातील गुण' हा तिचा पहिला रकाना असू नये. पहिला रकाना वजनाचा हवा.

गोळीआधी तपासायच्या गोष्टी वेगळ्याच. कान वाहतो आणि ऐकू कमी येते, म्हणून लक्ष नाही. आश्रमशाळेत खरजेने रात्रभर झोप नाही, म्हणून दिवसा चिडचिड आणि चुळबुळ. घरात कातकरी बोली आणि पुस्तकात प्रमाण मराठी, म्हणून पहिले वर्षभर नजर खिडकीबाहेर. काही सेकंद शून्यात पाहणारे मूल स्वप्नाळू नसून अपस्माराचे असू शकते. यादीतल्या इतर दोषांचा या एका दोषाशी असा संबंध आहे, आणि पथकाच्या कागदावर ते वेगवेगळ्या ओळींत असतात.

रक्तक्षयाबाबत तर प्रत्यक्ष पुरावा आहे. फ्रान्समध्ये एरिक कोनोफाल यांनी २००४ मध्ये एडीएचडीची ५३ मुले आणि इतर २७ मुले यांच्या शरीरातला लोहाचा साठा तपासला. पहिल्या गटात तो बराच कमी निघाला. मग २००८ मध्ये त्यांनी लोहसाठा कमी असलेल्या २३ मुलांना चिठ्ठ्या टाकून लोह किंवा पोकळ गोळी बारा आठवडे दिली; लोह घेणाऱ्यांची लक्षणे उतरली. चाचणी फार लहान आहे, तिच्यावर इमारत बांधता येणार नाही. पण पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठीची गुलाबी आणि त्यापुढच्यांसाठीची निळी लोहगोळी आपल्या शाळांच्या कपाटात असतेच, ती स्वस्त आहे आणि रक्तक्षय असलेल्या मुलाला ती तशीही मिळायलाच हवी. रिटालिनच्या आधी लोहाची चाचणी, हा क्रम इथे शहाणपणाचा वाटतो.

कायद्याची बाजूही आहे. मिथाइलफेनिडेट हे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यान्वये मनःप्रभावी द्रव्य आहे आणि औषध नियमावलीच्या 'एक्स' परिशिष्टात मोडते. ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि तिची एक प्रत दोन वर्षे जपावी लागते. असा परवाना घेण्याच्या फंदात लहान गावातले दुकानदार सहसा पडत नाहीत. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरे औषध, अमेरिकेत २००२ मध्ये मान्य झालेले, त्या कायद्याच्या यादीत नाही, त्यामुळे मिळायला सोपे. ते हळू चढते, परिणाम दिसायला काही आठवडे जातात. मुलांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा २००५ पासून त्याच्या वेष्टनावर आहे. म्हणजे सुरुवातीच्या आठवड्यांत मुलावर बारीक नजर हवी. पुन्हा भेटीचाच प्रश्न.

आता संमती. आदिवासी मुले, निवासी शाळा आणि वैद्यकीय प्रयोग हे तिन्ही एकत्र आले की काय होते, याचे उदाहरण फार दूरचे नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत बडोदा जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस एका प्रकल्पात दिली गेली. खम्मममधल्या बऱ्याच मुली आदिवासी वसतिगृहांतल्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. काही मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचे चौकशीत म्हटले गेले. परंतु संसदीय स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालात संमतिपत्रांचा हिशेब आला : आंध्रातल्या तपासलेल्या ९,५४३ पत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या. लस चांगली की वाईट, हा वेगळा विषय. आई-बापाच्या जागी अधीक्षकाची सही चालून गेली, ही गोष्ट आश्रमशाळा असलेल्या प्रत्येक तालुक्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. विशेषतः अशा औषधाच्या बाबतीत, ज्याने मूल शांत झाल्याचा पहिला फायदा शाळेलाच होतो. जिला फायदा होतो तिनेच संमती द्यावी आणि तिनेच तक्ता भरावा, ही रचना न्याय्य नाही.

त्यानंतर नियम कडक झाले. प्रत्येक चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत आधी करणे २००९ पासून बंधनकारक आहे. मार्च २०१९ पासून नवे औषध व चिकित्सा-चाचणी नियम लागू आहेत, इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांवरील मुलाचीही त्याला समजेल अशा भाषेत तोंडी मान्यता घ्यावी लागते. समजेल अशा भाषेत, म्हणजे इथे ठाकरी किंवा कातकरी बोलीत. 'तुला जी गोळी मिळेल ती पोकळही असू शकते' हे वाक्य सात वर्षांच्या मुलाला त्याच्या बोलीत सांगून पाहावे. सांगता येते. मात्र त्यासाठी पाड्यावरचीच व्यक्ती लागते, छापील कागद पुरत नाही.

राहता राहिला वेळापत्रकाचा मुद्दा. हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास अनेक कातकरी कुटुंबे भाताची कामे उरकून वीटभट्ट्यांकडे निघालेली असतील : भिवंडी, कल्याण, वसई. मुलेही बरोबर जातात. ती परततील पावसाच्या तोंडावर. चौदा महिन्यांची चाचणी इथे सलग होऊच शकत नाही. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत साडेचार महिने मिळतात, त्यांतच सारे बसवावे लागेल : आधी कान, डोळे, रक्त, मग गरज वाटल्यास मुलागणिक छोटी चाचणी, दोन आठवडे खरी गोळी, दोन आठवडे पोकळ, क्रम चिठ्ठीने. ब्रॅडलींच्या तीन आठवड्यांपेक्षा हे फार वेगळे नाही, फक्त डोळे बांधलेले. यातही एक मेख आहे. श्रावण-भाद्रपदात घरातले धान्य संपत आलेले असते आणि नवे भात अजून शेतात असते. त्या दोन महिन्यांत गोळी न घेताही मुलांची वजने उतरतात. म्हणून गोळी घेणाऱ्या मुलांबरोबर त्याच पाड्यावरची, त्याच वयाची, गोळी न घेणारी मुलेही दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर उभी करावी लागतील. नाहीतर उतरलेला किलो गोळीचा की भाद्रपदाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.